पोरेत, मार्गरित

(मृत्यू : १ जून १३१०). फ्रेंचमध्ये लिहिणारी मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मचिंतक. ‘साध्या आत्म्यांचा आरसा’ अशा अर्थाचे नाव असलेला तिचा ग्रंथ सहा शतके वाचला जात होता, पण लेखिकेच्या नावाशिवाय.

मार्गरित बेगीन होती. मठाची आजन्म शपथ न घेता व्रतस्थ राहणाऱ्या, बहुधा स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या स्त्रियांना बेगीन म्हणत. लॅटिन बाजूला ठेवून तिने लोकांच्या बोलीत लिहिले. ग्रंथात प्रेम, बुद्धी आणि आत्मा यांचा संवाद आहे. जुन्या फ्रेंचमध्ये आत्माही स्त्रीलिंगी असल्याने बोलणाऱ्या तिघीही बायका आहेत. मराठीत आणताना हे नेमके निसटते. बुद्धी पुन्हापुन्हा अडते, शंका विचारते आणि अखेर ती उत्तरे न सोसून प्राण सोडते.

कांब्रेच्या बिशपने व्हालांसिएन येथे ग्रंथ जाळला. तरी मार्गरितने तो लोकांपर्यंत पोहोचवणे सोडले नाही. त्यावरून पकडली गेल्यावर पॅरिसच्या कैदेत सुमारे दीड वर्ष तिने ना चौकशीपूर्वीची शपथ घेतली, ना उत्तर दिले. ११ एप्रिल १३१० रोजी २१ धर्मशास्त्रज्ञांनी ग्रंथातील निवडक विधाने पाखंडी ठरवली आणि १ जूनला तिला भर चौकात जाळण्यात आले.

प्रती मात्र उरल्या. लॅटिन, इटालियन, इंग्रजी भाषांतरे मठांमधून फिरली. १९२७ ची इंग्रजी आवृत्तीसुद्धा निनावीच निघाली. व्हॅटिकनमधील लॅटिन हस्तलिखितांतला मजकूर खटल्याच्या कागदांतील विधानांशी जुळतो, हे रोमाना ग्वार्निएरी या इटालियन विदुषीने ओळखले आणि १९४६ मध्ये जाहीर केले.

या शोधाचे मोल नावापुरते नाही. तोवर मार्गरितचा विचार म्हणून इतिहासात उरली होती ती तिच्याविरुद्ध वेचून काढलेली दोन-तीन वाक्ये. ‘आत्मा सद्गुणांचा निरोप घेतो’ हे त्यांतले एक. सुटे वाचले तर हा स्वैराचाराचा परवाना वाटतो. ग्रंथात तेच वाक्य वेगळे उलगडते : आत्मा आधी सद्गुणांचा दास असतो, राबतो, धास्तावतो, ईश्वरी प्रेमात ‘मी’ विरून गेला की तेच सद्गुण न बोलावता त्याच्या सेवेला हजर राहतात. सद्गुण कुठे जात नाहीत, फक्त धनी बदलतो.

फ्रान्समधील शांतिई येथील हस्तलिखितावरून ग्वार्निएरी यांनी जुनी फ्रेंच संहिता १९६५ मध्ये छापली.