कलाकट्टा

कलाकट्टा म्हणजे मालक नाही, पगारी नोकर नाही, अशी वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आपल्या वेळेवर आणि वर्गणीवर चालवलेली जागा. इथे नाटकाच्या तालमी होतात, चित्रे लागतात, गाणी बसवली जातात. त्याच सतरंजीवर मोर्चाचे फलकही रंगतात. ‘स्वयंसेवी’ हा शब्द कागदोपत्री, बोलताना सगळे ‘कार्यकर्ते’च.

बडोद्यातील मराठी माणसाला यात नवे काही वाटणार नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागातली गणेशोत्सव मंडळे वर्गणीवरच चालत आली. शेजारचे गुजराती तिला ‘फाळो’ म्हणतात. सयाजीराव गायकवाडांनी 1910 पासून उभारलेल्या ग्रंथालय योजनेतही गावकऱ्यांनी आधी वर्गणी जमवायची, मग पंचायत आणि सरकार यांनी भर घालायची, अशी रीत होती.

कला आणि चळवळ एकत्र येण्याचे ठळक उदाहरण मात्र बडोद्याहून निघून अहमदाबादेत रुजले. भाषाभ्यासक गणेश देवी यांनी 1996 मध्ये बडोद्यात ‘भाषा’ संशोधन केंद्र स्थापले. 1998 मध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी गट उभा केला. त्याच वर्षी अहमदाबादच्या छारानगरात, म्हणजे छारा या विमुक्त जमातीच्या वस्तीत, वाचनालय सुरू झाले. तिथे जमणाऱ्या तरुणांनी पश्चिम बंगालमध्ये कोठडीत मरण पावलेल्या बुधन शबर या विमुक्त जमातीतल्या माणसावर नाटक बसवले आणि बुधन थिएटर जन्माला आले. आधी पुस्तके, मग नाटक, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

कट्ट्याचा खरा प्रश्न कार्यक्रमांचा नसतो, चावीचा असतो. मे 2007 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून एका विद्यार्थ्याला अटक झाली. निषेध म्हणून विद्यार्थ्यांनी प्राचीन भारतीय कलेतील प्रतिमांचे प्रदर्शन मांडले. अधिष्ठात्यांनी ते बंद करायला नकार दिला, तेव्हा त्यांना निलंबित केले गेले आणि कलेतिहास विभागाला कुलूप लागले. चावी दुसऱ्याच्या हाती असली की असेच व्हायचे. न्यूयॉर्कच्या ‘एबीसी नो रिओ’ या कलाकेंद्राची गोष्ट उलट आहे. कलावंतांनी ओसाड सरकारी इमारतीत घुसून प्रदर्शन भरवले, त्या वादातून 1980 मध्ये त्यांना दुसरी जागा मिळाली, आणि 2006 मध्ये शहराने ती 1 डॉलरला त्यांच्या नावे केली. आपल्याकडे इतकी स्वस्ताई नाही; बहुतेकांना भाडे, नाहीतर कुणाच्या तरी वाड्यातली ओसरी.

कारभार वरवर सोपा दिसतो. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान 7 सभासद पुरतात. गुजरातेत सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद लागते. रस्त्यावर प्रयोग करायचा तर पोलिसांची परवानगी वेगळी. अवघड ते पुढेच. झाडलोटीची पाळी, वीजबिल, चहाची उधारी. भाषण करायला दहाजण तयार असतात, प्रयोग संपल्यावर सतरंज्या उचलायला तेच दोघे उरतात, आणि ते दोघे थकले की कट्टा बंद पडतो. म्हणून जाणती मंडळी चावी आणि हिशेबाची वही दर काही महिन्यांनी नव्या हाती देतात, नवखा माणूस चुकला तरी.

संस्था मोडायची तर त्याच कायद्याने तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते. देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. एका कट्ट्याची बाजाची पेटी मग भलत्याच मंडळाच्या तालमीत वाजू लागते.