एकही फाईल न हलवता: चाहत्यांच्या आरपीजी रिमेकची पार्श्वभूमी

एप्रिल २०२५मध्ये बेथेस्डा या गेम कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या २००६ सालच्या आरपीजीची, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेमची, रिमास्टर्ड आवृत्ती आणली. तोच गेम नव्याने घडवण्याचं काम स्वयंसेवकांची एक टीम तेव्हा दहाहून अधिक वर्षं बिनपैशांनी करत होती. त्यांच्या मॉडचं, म्हणजे चाहत्यांनी तयार गेममध्ये केलेल्या फेरबदलाचं, नाव 'स्कायब्लिव्हियन': 'ऑब्लिव्हियन'चं सगळं जग त्याच मालिकेतल्या २०११च्या 'स्कायरिम'मध्ये उभं करायचं, असा बेत. कंपनीने काम थांबवण्याची नोटीस पाठवली नाही, उलट टीमला रिमास्टरच्या मोफत प्रती दिल्या. हा समजूतदारपणा एकाएकी आलेला नाही. काय चालतं आणि काय चालत नाही हे ठरायला वीसेक वर्षं गेली, आणि त्या ओढाताणीतूनच या मॉडना आजचं रूप आलं.

मुळात अवजारं कंपन्यांनीच हातात दिली. २००२ साली बेथेस्डाच्याच 'मॉरोविंड' या 'ऑब्लिव्हियन'आधीच्या गेमच्या पीसी आवृत्तीसोबत गेममध्ये बदल करायचा कन्स्ट्रक्शन सेट मिळाला, 'नेव्हरविंटर नाइट्स'सोबत ऑरोरा टूलसेट आला आणि 'डन्जन सीज'च्या निर्मात्यांनीही एडिटर उपलब्ध करून दिला. 'अल्टिमा' या आरपीजी मालिकेच्या जुन्या भक्तांनी यातला शेवटचा उचलला. 'अल्टिमा ५' हा १९८८चा गेम. वरून दिसणारे चौकोनी तुकडे, सोळा रंग, आणि गावातल्या माणसाशी बोलायचं तर 'नेम', 'जॉब' असे शब्द टाइप करायचे. 'अल्टिमा ५: लाझारस' या मॉडने २००५मध्ये तो 'डन्जन सीज'च्या त्रिमितीय जगात आणला. त्रोटक उत्तरं देणाऱ्या पात्रांना त्यासाठी भरपूर नवे संवाद लिहावे लागले, आणि माझ्या मते या मॉडची खरी कमाई तीच. 'अल्टिमा ६'चा असाच रिमेक २०१०मध्ये आला. या दोन्हींत जुन्या फायली उचलून नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या जुन्या चित्रांचं नव्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, करणार काय?

प्रश्न उभा राहिला तो एकाच घराण्यातल्या गेमच्या बाबतीत. १९९८चा 'बाल्डर्स गेट' आणि २००० सालचा त्याचा दुसरा भाग यांची इंजिनं सख्खी भावंडं. दुसऱ्या भागात रिझोल्यूशन वाढलं होतं, पात्रांचे नवे प्रकार आले होते. मग पहिल्याची कथा त्यातच का खेळू नये? 'बीजीटुटू' आणि 'बाल्डर्स गेट ट्रिलॉजी' या मॉडनी ते जमवलं. युक्ती अशी की मॉडसोबत मूळ गेम वाटला जात नसे. खेळणाऱ्याच्या संगणकावर दोन्ही गेम असायचे आणि फायलींचं रूपांतर तिथल्या तिथे व्हायचं. २०१२मध्ये बीमडॉग या कंपनीने 'एन्हान्स्ड एडिशन' काढली, तेव्हा अधिकृतपणे झालं तेही साधारण हेच: पहिला भाग दुसऱ्याच्या सुधारित इंजिनावर.

'मॉरोविंड'ला 'ऑब्लिव्हियन'मध्ये नेणाऱ्या 'मॉरोब्लिव्हियन'लाही हीच वाट सोपी वाटली. पण बेथेस्डाची हरकत आली. दोन्ही गेम तुमच्या मालकीचे असले, तरी एकातली सामग्री दुसऱ्यात न्यायची नाही, ही कंपनीची भूमिका. या नियमाने पुढचं सगळं बदललं. 'स्कायब्लिव्हियन' आणि 'मॉरोविंड'चा रिमेक असलेला 'स्कायविंड' हे दोन्ही नुसत्या स्थलांतरापासून हळूहळू लांब गेले. तलवारी, खुर्च्या, झाडं, राक्षस, पोत, सगळं नव्याने घडवायचं, असं ठरलं. मॉड खेळायला मूळचे दोन्ही गेम लागणार, ही अट मात्र राहिली.

या कामाचा आवाका बाहेरून कळत नाही. जमिनीचंच घ्या. 'मॉरोविंड'मध्ये उघड्यावरच्या भूभागाच्या एका चौकोनाची बाजू ८१९२ एककांची, 'ऑब्लिव्हियन'पासून पुढे ४०९६ची. म्हणजे जुन्या एकाचे नवे चार. हे गणित एखादा प्रोग्रॅमही करून देईल. पण 'ऑब्लिव्हियन'मधली पात्रं ठिपके जोडून आखलेल्या वाटांवरून चालतात, 'स्कायरिम'मधल्या पात्रांना चालायला नॅव्हमेश लागतो: जमिनीवर पसरलेली त्रिकोणांची जाळी. ती प्रत्येक घरात, गुहेत, जिन्यावर नीट बसली नाही, तर पहारेकरी भिंतीला नाक लावून उभा राहतो. शिवाय क्वेस्टच्या, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्यांच्या, स्क्रिप्टची भाषाही बदललेली. 'स्कायरिम'ची स्क्रिप्ट पॅपायरस या भाषेत लिहावी लागते. 'स्कायविंड'वाल्यांपुढे आणखी एक डोंगर होता. 'मॉरोविंड'मधले बहुतेक संवाद नुसते वाचायचे होते, त्यामुळे त्यांना आवाज द्यायलाही स्वयंसेवक लागले. बेथेस्डाच्या २०२५च्या रिमास्टरमध्ये वरची चित्रं अनरिअल इंजिन ५ दाखवतं आणि खाली मूळ 'ऑब्लिव्हियन'चंच इंजिन चालतं. मालकाला ती मुभा होती. मॉडवाल्यांना जुनी खुर्चीही उचलता येत नव्हती.

ज्यांनी मूळ गेमचा आधारच सोडला, त्यांचं नशीब वाईट. १९९५च्या 'क्रोनो ट्रिगर'मधले काही प्रसंग त्रिमितीत करणारा 'क्रोनो रेझरेक्शन' २००४मध्ये स्क्वेअर एनिक्सच्या नोटिशीने बंद पडला. 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या 'स्टार वॉर्स' गेमचा अनरिअल इंजिनमधला रिमेक 'अपायरॉन' २०१८मध्ये लुकासफिल्मने थांबवायला लावला. हे स्वतंत्र गेम होते, मॉड नव्हते. मॉड खेळायचा तर मूळ गेम विकत घ्यावाच लागतो, त्यामुळे कंपनीची विक्री बुडत नाही, झाली तर वाढतेच. बेथेस्डाच्या सौम्यपणामागे हा हिशेब नसेल असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

पण मॉडनाही सरसकट अभय नाही. बेथेस्डाच्याच 'फॉलआउट ३'ला 'फॉलआउट ४'मध्ये आणणारा 'कॅपिटल वेस्टलँड' २०१८मध्ये मूळ आवाजांवरून अडला. बेथेस्डाशी बोलणं झाल्यावर, त्या ध्वनिफिती वापरल्या तर कायद्याचं लचांड मागे लागेल हे टीमच्या लक्षात आलं आणि काम थांबलं. पुढे ते सुरू झालं ते सगळे संवाद नव्या कलाकारांच्या आवाजात परत ध्वनिमुद्रित करायचे, असं ठरवूनच.