‘सत्या’ परत आला, रामू आला का?

जानेवारी २०२५मध्ये रामगोपाल वर्माचा, म्हणजे रामूचा, १९९८चा ‘सत्या’ पुन्हा थिएटरात लागला आणि आमच्या सीमाभागातल्या सिनेमावेड्यांना बोलायला जुना विषय नव्यानं मिळाला. बेळगावचा खडे बाजार असो की निपाणीचं स्टँड, चाळिशी ओलांडलेला सिनेमावाला भेटला की त्यातल्या भिकू म्हात्रेचं एखादं वाक्य निघतंच. म्हात्रे आडनावाचा, घरात बायकोशी भांडणारा, जिवाला जीव देणारा असा मराठी गडी हिंदी पडद्यावर आम्ही त्याआधी पाहिला नव्हता. त्यामुळे ‘सत्या’ परत लागल्याची बातमी आली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: “रामू परत आला की!”

मला ते पटत नाही. रामगोपाल वर्माबद्दल आस्था नाही म्हणून नव्हे, उलट आहे म्हणूनच. जुना चित्रपट पुन्हा गाजणं आणि तो करणारा दिग्दर्शक पुन्हा उभा राहणं या दोन वेगळ्या घटना आहेत. बाहेरून त्या सारख्याच दिसतात: तेच नाव, तेच पोस्टर, तशीच गर्दी. पण दोन्हींमागची कारणं वेगळी आणि त्यातून दिग्दर्शकाच्या पदरात पडतं तेही वेगळं.

आधी पुनर्प्रदर्शन म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. जुनी निगेटिव्ह किंवा हाती असेल ती चांगली प्रिंट स्कॅन करतात, ओरखडे काढतात, रंग सावरतात, आवाज साफ करतात आणि नव्या प्रोजेक्टरवर चालेल अशी प्रत तयार होते. मग नवा मोठा चित्रपट नसलेला आठवडा गाठून, बहुधा कमी तिकिटात, ती लावतात. दिग्दर्शकाला या साऱ्यात काही करावं लागेलच असं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानं चित्रपटाचा कर्ता धरला आहे तो निर्माता. २०१२च्या दुरुस्तीत लेखक, गीतकार, संगीतकार यांच्या रॉयल्टीला संरक्षण मिळालं, दिग्दर्शक मात्र कर्त्याच्या जागी आला नाही. म्हणजे हाऊसफुल्लची पाटी लागली तरी पैसा ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडे जातो. ‘सत्या’च्या निर्मितीत रामूचंही नाव आहे, तेव्हा त्याची गोष्ट थोडी वेगळी. पण सर्वसाधारण रीत ही.

सीमाभागात राहण्याचा एक फायदा असा, की हा फरक दाखवायला कन्नड सिनेमा हाताशी असतो. पुट्टण्णा कणगाल यांचा ‘नागरहावु’ १९७२चा. विष्णुवर्धनला नायक म्हणून उभं करणारा, अंबरीशला पहिल्यांदा पडद्यावर आणणारा. २०१८मध्ये तो नव्या रूपात पुन्हा लागला. पुट्टण्णा १९८५मध्येच गेले होते, त्यामुळे ‘पुट्टण्णा परत आले’ असं म्हणायचा प्रश्नच नव्हता. ‘मुघल-ए-आझम’ २००४मध्ये रंगीत होऊन आला तेव्हा के. आसिफना जाऊन तेहतीस वर्षं झाली होती. दिग्दर्शक हयात नसला की आपला गोंधळ होत नाही. तो हयात असला, शिवाय पहिल्या खेळाला हजर राहून हात हलवत असला, की गर्दी त्याच्या आजच्या खात्यावर जमा होते.

‘ओम’चं उदाहरण तर याहून बोलकं. उपेंद्रनं दिग्दर्शित केलेला, शिवराजकुमारचा १९९५चा हा चित्रपट कर्नाटकात शेकडो वेळा पुन्हा लागला आहे. पण दिग्दर्शक उपेंद्रला त्यानं पुढच्या कुठल्याही परीक्षेतून सूट दिली नाही. १९९९च्या ‘उपेंद्र’नंतर त्यानं थेट २०१०मध्ये ‘सुपर’ केला, मग २०१५मध्ये ‘उप्पी २’ आणि डिसेंबर २०२४मध्ये ‘यूआय’. प्रत्येक वेळी लोकांनी नव्या चित्रपटाचा निकाल नव्यानं लावला. त्यातच आणखी एक गफलत होते. ‘सुपर’आधीची अकरा वर्षं उपेंद्र पडलेला नव्हता, नट म्हणून जोरात होता. खंड म्हणजे पडझड नव्हे, आणि जो पडलाच नाही त्याच्या नव्या चित्रपटाला पुनरागमन कसं म्हणणार?

पुनर्प्रदर्शनाला मी कमी लेखत नाही. राही अनिल बर्वेचा ‘तुंबाड’ २०१८मध्ये आला तेव्हा फार थोड्यांनी थिएटरात पाहिला. २०२४च्या दुसऱ्या फेरीत त्यानं पहिल्या फेरीपेक्षा जास्त कमाई केली. हा उशिरा मिळालेला न्याय. निर्माते अशा दिग्दर्शकाचा फोन उचलू लागतात, पुढच्या चित्रपटाला पैसा उभा करणं सोपं होतं. दार उघडतं एवढं नक्की, पण आत शिरून नवं काम त्यालाच करून दाखवावं लागतं.

दार उघडेपर्यंत कुणी थांबलाच नाही तर काय होतं, ते गुरुदत्तच्या बाबतीत झालं. ‘कागज़ के फूल’ (१९५९) पडला. भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट, आणि कथा पडत्या काळातल्या एका दिग्दर्शकाचीच. त्यानंतर गुरुदत्तनं दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा लावलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या संस्थेचा ‘चौदहवीं का चाँद’ जोरात चालला, पण दिग्दर्शन एम. सादिक यांचं. १९६२च्या ‘साहिब बीबी और ग़ुलाम’वर नाव अब्रार अल्वींचं. निर्माता सावरला, नट सावरला, दिग्दर्शक परतला नाही. १९६४मध्ये तो गेला. आज ‘कागज़ के फूल’ जगभर मानानं दाखवला जातो. हे त्या चित्रपटाचं परतणं, त्यातलं काहीही त्याच्या वाट्याला आलं नाही, आणि याची मला आजही हळहळ वाटते.

दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात पाहायच्या तर ‘पिंजरा’कडे जावं लागतं. कोल्हापूर आम्हाला बेंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ, त्यामुळे ‘पिंजरा’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंबद्दल बोलताना इकडच्या माणसाचा सूर घरच्याविषयी बोलल्यासारखा होतो. ‘दो आँखें बारह हाथ’, ‘नवरंग’, मग १९६४चा ‘गीत गाया पत्थरों ने’. त्यानंतरच्या हिंदी चित्रपटांना मात्र ती दाद राहिली नाही. काळ बदलला होता आणि बापू सत्तरीला आले होते. अशा वेळी १९७२मध्ये ‘पिंजरा’ आला. त्यांनी काय केलं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. हिंदीतून ते मराठीत आले. सजवलेल्या दरबारी नृत्याऐवजी तमाशाचा फड घेतला. संगीत राम कदमांकडे, गाणी जगदीश खेबुडकरांकडे. मास्तरच्या भूमिकेसाठी रंगभूमीवरचे श्रीराम लागू घेतले, तेव्हा सिनेमाच्या पडद्याला ते नवखेच होते. बदललं नाही ते एकच: नाचणाऱ्या बाईभोवती गोष्ट फिरवण्याची त्यांची मूळ ओढ, आणि त्यासाठी नायिका संध्याबाई. मुळाशी पक्कं राहून बाकी सगळं मोडायची तयारी या वयात त्यांनी दाखवली. याला मी दिग्दर्शकाचं पुनरागमन म्हणतो. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या जुन्या माणसांना त्यातल्या लावण्या आजही पाठ आहेत.

तोच ‘पिंजरा’ २०१६मध्ये डिजिटल होऊन पुन्हा थिएटरात आला. बापूंना जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं उलटली होती. १९७२चं श्रेय त्यांचं, २०१६चं श्रेय प्रत जपणाऱ्यांचं आणि प्रेक्षकांच्या आठवणीचं. आणि हेही सांगायला हवं, की पुनरागमन झालं म्हणून ते कायमचं टिकत नाही. त्यांचा शेवटचा ‘झंझार’ चालला नाही.

राज कपूरचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. चार तास चालणारा, दोन मध्यंतरांचा ‘मेरा नाम जोकर’ १९७०मध्ये आपटला. १९७३च्या ‘बॉबी’त त्यानं स्वतःला पडद्यावरून दूर ठेवलं, सोळा-सतरा वर्षांची नायिका आणली, संगीतकार बदलले, कथा मात्र जुन्या ख्वाजा अहमद अब्बासांचीच ठेवली. ‘जोकर’ पुढे लोकांनी डोक्यावर घेतला, पण राज कपूरला तारलं ते ‘बॉबी’नं.

आता रामू. १९८९चा तेलुगू ‘शिवा’, १९९५चा ‘रंगीला’, १९९८चा ‘सत्या’, २००२चा ‘कंपनी’, २००५चा ‘सरकार’. एवढ्या वेगवेगळ्या जातीचं काम इतक्या सलगपणे करणारा दिग्दर्शक त्या काळात दुसरा नव्हता असं माझं ठाम मत आहे. मग २००७मध्ये ‘राम गोपाल वर्मा की आग’, म्हणजे ‘शोले’ पुन्हा करायचा प्रयत्न. दुसऱ्याच्या चित्रपटाच्या आठवणीवर उभा राहिलेला तो डाव कोसळला. मधे ‘रक्तचरित्र’सारखं (२०१०) काही ताकदीचं केलं, पण २०१७मध्ये ‘सरकार ३’ आला तोवर तो स्वतःच्याच आठवणीवर जगू लागला होता. दुसऱ्या-तिसऱ्या भागांबद्दल मला शंका येते ती यामुळेच: त्यात पुनर्प्रदर्शनाची सोय असते आणि पुनरागमनाचा आव असतो.

‘सत्या’ कसा बनला होता ते आठवा. लेखक सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप, गाण्यांना विशाल भारद्वाज, पार्श्वसंगीत संदीप चौटाचं, पडद्यावर मनोज वाजपेयी आणि शेफाली शाह. त्यांतले बरेच तेव्हा फारसे कुणाला माहीत नव्हते. रामूची खरी ताकद तीच होती: अनोळखी, भुकेलेली माणसं गोळा करायची आणि हैदराबादहून आलेल्या परक्याच्या डोळ्यांनी मुंबई बघायची. ती सगळी माणसं पुढे आपापल्या वाटेनं मोठी झाली. चित्रपट स्कॅन करून परत आणता येतो, पण तो ताफा परत जमवता येत नाही. जमवला तरी ती भूक आता उरलेली नाही. म्हणजे नवा ताफा, नवी भूक, आणि आजचं एखादं शहर त्याच कुतूहलानं बघणारा रामू, एवढं लागेल.

‘सत्या’ पुन्हा पाहताना आपण रडलो, यशाच्या आणि अहंकाराच्या नशेत वाहवलो, असं त्यानं त्याच जानेवारीत जाहीरपणे लिहिलं आणि लगोलग ‘सिंडिकेट’ या नव्या चित्रपटाची घोषणा केली. त्याच्या लिहिण्यात खोटेपणा आहे असं मला वाटत नाही. साठी ओलांडलेल्या माणसानं एवढं उघड लिहायला धैर्य लागतं. तरी पश्चात्ताप ही कामाची सुरुवात झाली, काम नव्हे. रामू परतू शकतो का, याला माझं उत्तर होकारार्थी आहे, कारण बापू त्याहून जास्त वयात परतले. पण ‘सत्या’च्या गर्दीत त्याचा पुरावा शोधू नये.

पुरावा मी नव्या चित्रपटाच्या पहिल्या सोमवारी शोधेन. शुक्रवार ते रविवार आमच्यासारखे जुने लोक नावावर जातील, भिकू म्हात्रेचं वाक्य म्हणत जातील, तो हिशेब आठवणीचा. सोमवारच्या खेळाला ‘सत्या’ न पाहिलेली विशीतली पोरं बेळगावच्या थिएटरात किती बसलीत, ते मी बघणार आहे.