अळूच्या खाचरांवर उभं राहिलेलं वायकीकी

हवाईतल्या समुद्रकाठच्या रिसॉर्टात उतरलं की खोलीच्या किल्लीबरोबर दिवसभराच्या कार्यक्रमांचा एक कागद हातात पडतो. सकाळी सर्फिंगची शिकवणी, मग फुलांचे हार ओवणं, दुपारी उकुलेले या छोट्या तंतुवाद्याची शिकवणी, उन्हं कलल्यावर होडीतून फेरी, तिन्हीसांजेला मशाली आणि रात्री लुआऊ, म्हणजे मेजवानी. ओआहू बेटावर वायकीकीला आम्ही असाच एक कागद हातात घेऊन चार दिवस काढले. लुआऊच्या रात्री आईच्या ताटात नारळाच्या दुधात शिजवलेली, गर्द हिरवी, मऊ भाजी पडली. तिने घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर अळू!"

अळूच होतं. मुळात 'लुआऊ' या शब्दाचा अर्थच अळूचं कोवळं पान. पाहुण्यांना जेवू घालायच्या समारंभाला पूर्वी वेगळं नाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यात हटकून असणाऱ्या या पानांवरून सगळ्या जेवणावळीलाच लुआऊ म्हणू लागले. आईने वाढणाऱ्या मुलीला विचारलं, घशाला खाजत नाही का? ती हसून म्हणाली, कच्चं राहिलं तर खाजतं, म्हणून आम्ही खूप वेळ शिजवतो. दापोलीतल्या कुठल्याही आजीने हेच उत्तर दिलं असतं.

त्या रात्रीनंतर तो कागद मला निराळा दिसायला लागला. त्यावरच्या जवळपास प्रत्येक ओळीमागे एका लोकसमूहाचं जगणं आहे, आणि त्यातलं बरंचसं नष्ट होता होता वाचलेलं आहे. तिथे सुट्टीवर जाणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असावं असं मनापासून वाटतं.

सुरुवात जमिनीपासूनच करायला हवी. वायकीकी म्हणजे उसळतं पाणी. मागच्या डोंगरांतून मानोआ, पालोलो, माकीकी या खोऱ्यांचे ओढे खाली येत आणि समुद्राला मिळण्याआधी या सपाटीवर पसरत. हवाईयन लोकांनी त्या पाण्याला पाट काढून अळूची खाचरं बांधली होती. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, तिथून मत्स्यतळ्यांत आणि मग समुद्रात जाई. अळूला ते 'कालो' म्हणतात. त्यांच्या उत्पत्तिकथेत आकाशपिता वाकेआचं पहिलं मूल मृत जन्मलं, ते पुरलं त्या जागी अळू उगवलं. दुसरं मूल माणूस. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याचा कंद उकडून दगडी बत्त्याने कुटून 'पोई' करतात, आणि पोईचं भांडं उघडं असताना घरात भांडण करू नये असा संकेत आहे, कारण समोर वडीलधारं बसलेलं असतं.

हे अळू त्यांनी होडीतून आणलेलं. पॉलिनेशियन दर्यावर्दी दोन नावा जोडून केलेल्या होड्यांतून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या अंदाजाने हजारो किलोमीटर ओलांडून या बेटांवर आले, तेव्हा त्यांच्यासोबत अळूचे कंद होते, केळी होती, ऊस होता, नीरफणसाची रोपं होती आणि हळदसुद्धा होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात वायकीकीच्या बऱ्याच खाचरांत चिनी शेतकरी भात पिकवू लागले. १९०१ साली मोआना हे पहिलं मोठं हॉटेल उघडलं, तेव्हाही त्याच्या मागे पाणथळ जमीन पसरलेली होती. डासांचं आणि रोगराईचं कारण पुढे करून १९२१ ते १९२८ या काळात आला वाई कालवा खणला गेला. ओढे त्यात वळवले, निघालेला गाळ खाचरांत आणि तळ्यांत भरला, आणि त्या भरावावर आजची वायकीकी उभी राहिली. गुलाबी रंगाचं रॉयल हवाईयन हॉटेल १९२७ सालचं. ते मॅटसन या जहाज कंपनीने आपल्या बोटींतून येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांसाठी बांधलं. ओढ्यांचं पाणी अडलं, किनाऱ्यालगत भिंती आल्या, वाळू वाहून जाऊ लागली. आता वायकीकीच्या किनाऱ्यावर वेळोवेळी बाहेरून वाळू आणून टाकावी लागते.

मोआनाच्या अंगणात एक प्रचंड वड आहे, १९०४ साली लावलेला, आपल्याकडचाच. त्याच्या पारंब्यांखाली १९३५ पासून एक रेडिओ कार्यक्रम होत असे. लाटांचा आवाज आणि हवाईयन गाणी अमेरिकेतल्या घराघरांत पोचली ती तिथून. माउई बेटावर लाहायना गावातला वड त्याहून जुना, १८७३ सालचा, तोही भारतातून नेलेला. ऑगस्ट २०२३ च्या आगीत ते गाव बेचिराख झालं, शंभरावर माणसं गेली. वड होरपळला, पण त्याला पुन्हा पालवी फुटली.

मेजवानीकडे परत येऊ. लुआऊला बायका-पुरुष, पोरंबाळं एकत्र बसून डुकराचं मांस, केळी, नारळ खातात, हे आज सहज वाटतं. १८१९ पर्यंत हवाईत ते अशक्य होतं. 'कापू' या निर्बंधांच्या व्यवस्थेत स्त्रियांनी पुरुषांच्या पंगतीला बसायचं नाही, डुकराचं मांस, नारळ आणि बहुतेक जातींची केळी खायची नाहीत, आणि मोडलं तर मृत्युदंड. पहिला कामेहामेहा राजा मे १८१९ मध्ये वारला. त्याची राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी यांनी तरुण लिहोलिहो राजाला बायकांच्या पंगतीत आणून बसवलं. तो जेवला. त्या एका जेवणाने शेकडो वर्षांची व्यवस्था कोसळली. ज्यांच्याकडे सहभोजनाचा इतिहास आहे, अशा आपल्यासारख्यांना त्या पंगतीचं मोल वेगळं सांगायला नको.

सर्फिंगवर मात्र जास्त थांबायला हवं, कारण वायकीकीची ओळख जगाला झाली ती त्यामुळे. हवाईयन भाषेत 'हेए नालू', लाटेवरून घसरणं. हे फक्त पोरांचं खेळणं नव्हतं. राजघराण्यातली माणसं 'ओलो' या लांबलचक, जड फळ्यांवर उभी राहत, सामान्य लोक 'अलाइआ' या आखूड, पातळ फळ्यांवर. बाया तितक्याच सराईत. ब्रिटिश दर्यावर्दी कुक कप्तानाच्या ताफ्यातल्या जेम्स किंग या अधिकाऱ्याने १७७९ मध्ये हे दृश्य थक्क होऊन लिहून ठेवलं आहे. पण त्याच जहाजांबरोबर रोगही आले. १७७८ मध्ये काही लाख असलेले हवाईयन १८९० च्या शिरगणतीत सुमारे ४०,००० उरले. गावंच्या गावं रिकामी झाली तिथे लाटेवर जाणार कोण? भरीला मिशनऱ्यांची नापसंती आणि उसाच्या मळ्यांतली मजुरी. शतक संपताना सर्फिंग मोजक्या किनाऱ्यांवर कसंबसं टिकून होतं, आणि त्यातला मुख्य किनारा वायकीकी.

टिकवणाऱ्यांत ड्यूक काहानामोकू हे नाव सगळ्यांत मोठं. १८९० चा जन्म, वायकीकीच्या पाण्यातच वाढलेला. ऑगस्ट १९११ मध्ये वायकीकीजवळच्या होनोलुलू बंदरातल्या पोहण्याच्या शर्यतीत त्याने १०० यार्ड इतक्या वेगात कापले की अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या अधिकाऱ्यांनी तो विक्रम मानायलाच नकार दिला. घड्याळं चुकली असतील, प्रवाहाने ढकललं असेल, म्हणाले. पुढच्या वर्षी स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने १०० मीटरचं सुवर्ण घेतलं, १९२० मध्ये अँटवर्पला पुन्हा घेतलं. पोहण्यासाठी जाईल तिथे तो लाटेवर उभं राहून दाखवी. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर १९१४-१५ च्या उन्हाळ्यात दाखवलेलं प्रात्यक्षिक तिथे आजही अभिमानाने सांगतात. सर्फिंग ऑलिंपिकमध्ये यावं ही त्याची इच्छा २०२१ मध्ये, टोकियोच्या स्पर्धेत पुरी झाली. स्त्रियांचं पहिलं सुवर्ण होनोलुलूच्याच करिसा मूरने जिंकलं.

आज शिकवणीला जे तरुण आपल्याला फळीवर पालथं झोपवतात, योग्य लाट येताच मागून ढकलतात आणि 'उठा!' म्हणून ओरडतात, ते 'बीच बॉईज'च्या परंपरेतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्थानिक हवाईयन पोरं हॉटेलच्या पाहुण्यांना दिवसा पोहायला, होडी वल्हवायला, लाटेवर उभं राहायला शिकवत आणि रात्री वाळूत बसून गात. वायकीकीत शिकणं सोपं, कारण लांबवर पसरलेल्या प्रवाळामुळे लाट हळूहळू फुटते आणि बराच वेळ नेते. तिथल्या एका लाटेचं नाव 'क्वीन्स' आहे. समोर लिलिउओकालानी राणीचं किनाऱ्यावरचं घर होतं, म्हणून. १७ जानेवारी १८९३ रोजी साखर आणि व्यापारातल्या गोऱ्या मंडळींनी, बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेच्या सैनिकांचा धाक घालून, याच राणीला पदच्युत केलं. १८९८ मध्ये बेटं अमेरिकेने ताब्यात घेतली. अमेरिकी संसदेने माफीचा ठराव केला तो १९९३ साली, शंभर वर्षांनी.

तिच्या आधीचा राजा, तिचा भाऊ कालाकाउआ. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला सत्तारूढ राजा. १८८१ च्या त्या प्रवासात तो कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईलाही आला होता. हुला नृत्य वाचलं ते त्याच्यामुळे. १८३० मध्ये, ख्रिस्ती झालेल्या काआहुमानूने जाहीर हुलावर बंदी घातली होती. लिपी नसलेल्या समाजात हुलाबरोबर म्हटले जाणारे मंत्र म्हणजेच वंशावळ्या, देवकथा, भूगोल. बंदी त्या सगळ्यावर होती. कालाकाउआने १८८३ मधल्या आपल्या राज्याभिषेकात राजवाड्यासमोर उघडपणे हुला करवला. त्या वेळच्या हुलांची यादी छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला! रिसॉर्टच्या कागदावर 'हुला, सायंकाळी ६' वाचताना मला ती यादी आठवते.

पर्यटकांसमोरच्या हुलाचा इतिहास वेगळा आहे. १९३७ मध्ये वायकीकीला कोडॅक या फिल्म कंपनीचा हुला शो सुरू झाला. लुआऊ रात्री होत आणि तेव्हाच्या फिल्मवर रात्री फोटो निघत नसत, म्हणून पाहुण्यांसाठी भर उन्हात नाच ठेवला. तो २००२ पर्यंत चालला. त्यात खरे, जाणकार कलावंत नाचत असत, हेही सांगायला हवं. पण ज्यांना हुला जसा शिकवला जातो तसा पाहायचा आहे, त्यांनी ईस्टरनंतरच्या आठवड्यात हवाई बेटावरच्या हिलो गावी होणारा मेरी मोनार्क महोत्सव पाहावा. १९६३ पासून चालू असलेला हा उत्सव कालाकाउआच्याच टोपणनावाचा.

उकुलेले तर मुळात पोर्तुगीज. ऑगस्ट १८७९ मध्ये मदीरा बेटावरचे मळेमजूर घेऊन 'रेव्हन्सक्रॅग' जहाज होनोलुलूला लागलं. त्यात तीन सुतार होते. त्यांनी आपल्या छोट्या गिटारीचं रूप तिथल्या कोआ लाकडात घडवलं. बोटं उड्या मारताना दिसतात म्हणून नाव पडलं उडती पिसू. तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवायची गिटार मात्र अस्सल हवाईयन. ती लाइए गावच्या जोसेफ केकुकूची. ताऊ मोए हा वादक १९४० च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहिला, आणि आपल्याकडे या वाद्याने मूळ धरलं. ज्यांच्या घरी हवाईयन गिटारवरच्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या होत्या, त्यांना तो लांबवलेला सूर ओळखीचा वाटेल.

हार ओवायला बसलो तिथे टोपलीत देवचाफा आणि मोगरा होता. चाफा १८६० मध्ये एका जर्मन डॉक्टरने हवाईत आणला. मोगऱ्याला ते 'पिकाके' म्हणतात, म्हणजे मोर. राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही फार प्रिय होते. वायकीकीतल्या तिच्या बागेत दोन्ही होते, म्हणून पक्ष्याचं नाव फुलाला मिळालं. आईने सुई बाजूला ठेवली आणि दोऱ्याने गाठी मारत गजरा करून दाखवला. शिकवणाऱ्या बाईंनी तो तिच्याकडून दोनदा करून घेतला.

संध्याकाळच्या मशाली जुन्या वाटतात, पण त्या हॉटेलवाल्यांच्या. काउआई बेटावरच्या कोको पाम्स हॉटेलात विसाव्या शतकाच्या मध्याला ही प्रथा पडली. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचं राज्य झालं, जेट विमानं आली. त्या वर्षी अडीच लाखांच्या आत पाहुणे आले होते. २०१९ मध्ये एक कोटीहून जास्त, आणि तिथली वस्ती चौदा लाखांच्या आसपास. हनाउमा उपसागरात मासे पाहायला इतके लोक उतरू लागले की १९६७ मध्येच संरक्षित केलेल्या त्या जागेला पुढे गर्दीवर मर्यादा, आठवड्याची सुट्टी आणि पाण्यात जाण्याआधी सक्तीची चित्रफीत आणावी लागली. प्रवाळाला अपायकारक दोन रसायनं असलेली सनस्क्रीन विकायला हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. इथून नेताना डबीवरचं वाचून न्या. आणि किनारा रिसॉर्टचा नसतो. लाट जिथवर येते तिथवरची वाळू कायद्याने सर्वांची, म्हणून शेजारी चटई टाकून बसलेलं स्थानिक कुटुंब तुमच्या हॉटेलात आगंतुक नसतं.

शेवटच्या दिवशी आम्ही कागदावर नसलेल्या ठिकाणी गेलो. मानोआ खोऱ्यात, विद्यापीठाच्या आवारात कानेवाई नावाची जागा आहे. १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांनी झाडोऱ्यात गडप झालेले पाट आणि खाचरं तिथे पुन्हा मोकळी केली. ठरलेल्या दिवशी बाहेरच्या लोकांनाही चिखलात उतरून काम करता येतं. आई साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली आणि तण उपटू लागली. एका मुलाने तिला अळूच्या वेगवेगळ्या जाती दाखवल्या, काळ्या देठाची, हिरव्या देठाची. तिने आमच्याकडे कुठल्या देठाची वडी करतात ते सांगितलं. बांधावरून पाणी पुढच्या खाचरात पडत होतं, तिथून परत ओढ्यात. तोच ओढा पुढे आला वाई कालव्याला मिळतो, आमच्या हॉटेलच्या मागे.