मँचेस्टर क्राफ्ट्समेन्स गिल्ड

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग शहरात शाळकरी मुलांना शाळा सुटल्यावर विनामूल्य कलाशिक्षण देणारे केंद्र. स्थापना १९६८. मातीकाम, छायाचित्रण आणि डिजिटल कला हे येथील मुख्य विषय. नावातले मँचेस्टर इंग्लंडमधले नव्हे. पिट्सबर्गच्या उत्तर भागातील, ओहायो नदीलगतची ती एक जुनी वस्ती आहे.

संस्थापक बिल स्ट्रिकलंड (जन्म १९४७) याच वस्तीत वाढले. ऑलिव्हर हायस्कूलमध्ये शिकत असताना, १९६३ साली, फ्रँक रॉस या कलाशिक्षकांना त्यांनी चाकावर भांडे घडवताना पाहिले आणि ते त्यांच्या वर्गात रमले. रॉस यांनी त्यांना माती मळायला शिकवले, जॅझ ऐकवले आणि फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाचे ‘फॉलिंगवॉटर’ हे धबधब्यावर बांधलेले घर दाखवले. गिल्डच्या पुढच्या वाटचालीत या तिन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात. संस्थेच्या इतिहासात रॉस यांचे नाव इतक्या आदराने घेतले जाते ते उगीच नव्हे.

स्ट्रिकलंड पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात दाखल झाले. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शहरातील कृष्णवर्णीय वस्त्यांत दंगली उसळल्या. त्यांची झळ मँचेस्टरलाही बसली. त्याच वर्षी, विद्यार्थी असतानाच, स्ट्रिकलंड यांनी चर्चच्या मदतीने मिळालेल्या एका रो-हाउसात परिसरातील मुलांसाठी मातीकामाचे वर्ग सुरू केले. हीच गिल्डची सुरुवात.

संस्थेच्या वाढीला खरे वळण मिळाले ते कलेच्या बाहेरून. प्रौढ बेरोजगारांना हुन्नर शिकवणारे बिडवेल प्रशिक्षण केंद्र, हेही १९६८ चेच, आर्थिक अडचणीत सापडले होते. १९७२ मध्ये त्याची धुरा स्ट्रिकलंड यांच्याकडे आली. मुलांची कलाशाळा आणि मोठ्यांचे रोजगार प्रशिक्षण एकाच माणसाच्या हाती आले, ते कोणी आखलेल्या योजनेनुसार नव्हे. पण १९८० च्या दशकात पिट्सबर्गचे पोलाद कारखाने धडाधड बंद पडले, तेव्हा ही जोडी नेमकी उपयोगी पडली. स्थानिक उद्योगांना कोणती माणसे हवीत हे विचारून बिडवेलने अभ्यासक्रम बसवले. त्यांत प्रयोगशाळेतील रसायन तंत्रज्ञ आणि पाककला यांचा समावेश होता. पुढे फुलशेतीचीही भर पडली.

१९८६ मध्ये दोन्ही संस्था मँचेस्टर भागातच बांधलेल्या सुमारे ६२,००० चौरस फुटांच्या नव्या इमारतीत आल्या. वास्तुविशारद होते पिट्सबर्गचेच टासो कात्सेलास. दारात कारंजे, आत भरपूर उजेड, भिंतींवर चित्रे आणि गोधड्या, जागोजाग फुले. गरीब वस्तीसाठी काही बांधायचे म्हणजे ते स्वस्त आणि ओबडधोबड असणारच, हा समज स्ट्रिकलंड यांना मोडायचा होता. चांगली जागा हा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच भाग होता. पाककलेच्या विद्यार्थ्यांनी रांधलेले जेवण याच इमारतीतील भोजनगृहात वाढले जाते.

याच इमारतीत सुमारे ३५० आसनांचे सभागृह आहे आणि १९८७ पासून तेथे जॅझच्या मैफली होतात. वस्तीतल्या कलाशाळेला असे सभागृह कशाला, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. पिट्सबर्गकराला तो बहुधा पडणार नाही: ढोलवादक आर्ट ब्लेकी, बासवादक रे ब्राउन आणि पियानोवादक एरल गार्नर याच शहरात जन्मले, संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न येथेच वाढले. डिझी गिलेस्पी यांच्यासारखे दिग्गज गिल्डच्या मंचावर वाजवून गेले. मैफलींचे ध्वनिमुद्रण करण्याची सोय आरंभापासून जाणीवपूर्वक ठेवलेली होती. तिचे फळ म्हणजे येथे मुद्रित झालेल्या काउंट बेसी वाद्यवृंदाच्या संग्रहाला १९९७ मध्ये मिळालेला ग्रॅमी पुरस्कार. संस्थेच्या जॅझ विभागाने काढलेल्या गायिका नॅन्सी विल्सन यांच्या संग्रहांनाही पुढे ग्रॅमी मिळाले. विशेष म्हणजे यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाचा, खिसा बरा असलेला श्रोता या वस्तीत पाऊल टाकू लागला.

स्ट्रिकलंड यांना १९९६ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती हा अमेरिकेतील मानाचा सन्मान मिळाला. २००३ मध्ये फुलशेतीच्या प्रशिक्षणासाठी सुमारे ४०,००० चौरस फुटांचे हरितगृह उभे राहिले. तेथे वाढवलेली ऑर्किडची रोपे विकली जातात. गिल्ड आणि बिडवेल या दोन्ही संस्था आता मँचेस्टर बिडवेल कॉर्पोरेशन या मातृसंस्थेखाली चालतात.

गिल्डचा उद्देश कलाकार घडवणे हा नाही. भांडे तडकले तर पुन्हा माती मळायची, झिलई बिघडली तर का बिघडली ते शोधायचे, ही सवय मुलाला वर्गात टिकवते आणि शालेय शिक्षण पुरे करायला बळ देते, अशी येथील धारणा आहे. आपले विद्यार्थी मोठ्या प्रमाणात शाळा पूर्ण करून पुढे शिकतात, असे संस्था सांगते. मात्र असे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. शाळा सुटल्यावर आपणहून कलावर्गाला येणारे मूल आधीच थोडे वेगळे असते, आणि कलेचा परिणाम त्या मुलाच्या जिद्दीपासून वेगळा काढणे सोपे नाही.

या नमुन्यावर इतर शहरांतही केंद्रे निघाली. सिनसिनाटी, सॅन फ्रान्सिस्को आणि ग्रँड रॅपिड्स येथील केंद्रे पहिल्या फळीतली. इस्रायलमधील अक्को या मिश्र वस्तीच्या शहरातील केंद्रात ज्यू आणि अरब मुले एकत्र शिकतात. ही केंद्रे पिट्सबर्गच्या शाखा नाहीत. प्रत्येकाचे विश्वस्त मंडळ वेगळे असते आणि निधी ज्याने त्याने आपल्या गावात उभा करायचा असतो. त्यामुळे विषयही गावोगाव बदलतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्राचा भर मातीकामावर नव्हे, तर चित्रफिती आणि डिजिटल माध्यमांवर आहे, कारण तिथल्या तरुणांना काम मिळण्याची शक्यता त्याच क्षेत्रात अधिक आहे.