‘ताबा’ या शब्दामागची गोष्ट

कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशात एक शब्द हमखास भेटतो : ताबा. सातबाऱ्याच्या भांडणात आणि घर रिकामं करून घेण्याच्या दाव्यातही हाच शब्द असतो. मुलाच्या बाबतीत तो कानाला टोचतो, आणि टोचायलाच हवा, कारण मूल बापाच्या मालकीचं ही समजूत या कायद्याच्या मुळाशी होती.

ही समजूत इंग्रजी न्यायालयांतही पक्की होती. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्याने काढून नेले, तेव्हा तिला मागायला कायद्यात काहीच नव्हतं. तिने पत्रकं लिहिली, खासदारांचा पिच्छा पुरवला. 1839 मध्ये सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला निदान अर्ज करण्याची वाट खुली झाली.

आपल्याकडे पालक व पाल्य अधिनियम 1890 मध्ये आला आणि तो आजही लागू आहे. त्याचं कलम 17 मुलाचं हित बघा म्हणतं; जाणतं मूल असेल तर त्याची पसंतीही विचारात घ्या म्हणतं. पण बाप हयात आहे आणि नालायक ठरलेला नाही, तोवर दुसरा पालक नेमायचा नाही, असं कलम 19 सांगत होतं. त्या कलमात बापाच्या बरोबरीने ‘आई’ हा शब्द यायला 2010 साल उजाडलं.

1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील असं म्हटलं. नैसर्गिक पालक मात्र बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. म्हणजे तापात रात्रभर उशाशी बसायचं आईने आणि कागदावर सही बापाची. ताबा आणि पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक आयांना बँकेच्या खिडकीपाशीच कळलं.

त्या ‘नंतर’ला पहिला धक्का विदर्भातल्या शेतजमिनीच्या वादाने दिला. आईबाप वर्षानुवर्षं वेगळे राहत होते आणि अल्पवयीन मुलीची जमीन आईच सांभाळत होती. बाप जिवंत असूनही लक्षच घालत नसेल तर आईच नैसर्गिक पालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये मानलं. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, तर वडिलांची सही हवी असं उत्तर मिळालं. त्यांच्या याचिकेवर 1999 मध्ये निकाल लागला : ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतरच असं नाही, त्याच्या अनुपस्थितीतही. कलमातले शब्द तेच राहिले, अर्थ मात्र बदलला.

मूल ज्याच्याकडे राहत नाही त्या पालकाच्या भेटीच्या हक्काला स्वतंत्र, सविस्तर कायदा नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 न्यायालयाला मुलांच्या ताब्याबद्दल, पालनपोषणाबद्दल आणि शिक्षणाबद्दल आदेश द्यायची मुभा देतं. बाकीचं निकालांतून घडत गेलं. मुलं म्हणजे वस्तू नव्हेत की आईबापांची खेळणी नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये सुनावलं. 1984 च्या कायद्यानंतर 1989 मध्ये पुण्यात आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालयं सुरू झाली, आणि काळ्या कोटांच्या गर्दीत विवाह समुपदेशकही आले. न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत खेळणी असतात, भिंतीवर चित्रं असतात. पण आठवड्यांनी भेटलेला बाप आणि दाराकडे बघणारं मूल यांना पहिली दहा मिनिटं बोलायलाही सुचत नाही.

2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं : भेटीचा हक्क वेगळा आणि संपर्काचा वेगळा. दूर असलेल्या पालकाला फोनवर, व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आलं पाहिजे. लेक पुण्यात आणि बाप परदेशात, अशा घरांना हे फार मोलाचं आहे. मुलाला आई आणि बाप दोघेही हवे असतात, ही गोष्ट इथे आदेशाच्या भाषेत उतरली.

संयुक्त ताब्याची तरतूद करा, असं विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात सुचवलं होतं. तसा कायदा अजून झालेला नाही. तोवर हे काम संमतीच्या अटींवरच, म्हणजे आईबापांनी आपसांत ठरवून न्यायालयात लिहून दिलेल्या अटींवरच चालतं, आणि त्या जितक्या बारीक लिहाव्या तितकं बरं : दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनाही जाता येईल, मूल आजारी पडलं तर त्याच दिवशी कळवायचं.