देशी माशांचा प्लांटेड कम्युनिटी टँक

जिवंत पाणवनस्पती लावलेल्या एकाच टँकमध्ये भारतातल्या गोड्या पाण्यातल्या दोन-चार जातींचे छोटे मासे एकत्र ठेवले की त्याला देशी कम्युनिटी टँक म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण देशी म्हटलं की सगळे एकमेकांचे शेजारीच असणार असं लोक धरून चालतात आणि गडबड तिथेच होते. सह्याद्रीच्या ओढ्यातला मासा आणि आसाम-बंगालच्या ‘बील’मधला म्हणजे दलदलीच्या तळ्यातला मासा उभ्या जन्मात एकमेकांना भेटलेले नसतात, एकाला गार, खळाळतं, भरपूर ऑक्सिजनवालं पाणी हवं तर दुसऱ्याला झाडपाल्यात दडायला संथ पाणी. म्हणून आधी पाणी ठरवायचं, मासे मग.

दाट झाडं लावायची असतील तर संथ पाण्यातली मंडळी सोपी जातात. हनी गौरामी त्यात पहिला, साधारण 5 सेंमी, गरीब स्वभावाचा, नर तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. गौरामी वर येऊन हवा घेतात, त्यामुळे तरंगती झाडं हवीत पण सगळा पृष्ठभाग झाकून टाकायचा नाही. त्याचा भाऊबंद ड्वार्फ गौरामी जास्त देखणा, पण लहान टँकमध्ये दोन नर टाकले की मारामारी ठरलेली, शिवाय फार्ममधून येणाऱ्या माशांत इरिडोव्हायरस या विषाणूचा त्रास बराच असतो, माझं मत विचाराल तर हनीच बरा. सोबत 8-10 झेब्रा डॅनिओंचा थवा चालतो.

स्कार्लेट बॅडिस (शास्त्रीय नाव दारिओ दारिओ) मात्र डॅनिओंबरोबर नको. जेमतेम 2 सेंमीचा लाजाळू मासा, हलणारं जिवंत खाणंच खातो, तो विचार करेपर्यंत डॅनिओ सगळं फस्त करतात आणि बिचारा उपाशी मरतो. भांडण न होताही जोडी जुळत नाही ती अशी.

काही मासे दिसायला गोड आणि वागायला भलतेच. केरळ-कर्नाटकातला पी पफर 3 सेंमीच्या आतबाहेर, पण इतरांच्या पंखांचे तुकडे तोडतो, त्याला वेगळाच टँक द्यावा. काचमाशांत तर दोन अगदी सारखे दिसणारे आहेत, पॅराम्बॅसिस रंगा आणि चंदा नामा, यातला चंदा नामा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो, त्यामुळे खात्री नसेल तर दोन्ही सोडून द्या (गुलाबी-निळे ‘रंगीत’ काचमासे तर नकोच, तो रंग सुईने टोचलेला असतो). रोझी बार्ब तसा शांत, पण कोवळी पानं कुरतडतो. ॲप्लोकायलस म्हणजे पॅनचॅक्स तोंडात मावेल ते गिळतो आणि झाकण नसेल तर सरळ बाहेर उडी मारतो.

वाहत्या पाण्याचा सेटअप वेगळा. कृष्णेच्या खोऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा बोटिया स्ट्रायाटा लोच 5-6 च्या गटात ठेवतात, गोगलगायी मस्त साफ करतो. गारा मुल्या दगडावरचं शेवाळ खरवडतो, त्याच्या नावातलं मुल्या म्हणजे आपला मळ्याच, इंग्रज अधिकारी सायक्सने 1839 मध्ये इथलंच नाव उचललं. डेनिसन बार्ब म्हणजे मिस केरला सगळ्यांनाच हवा असतो, पण तो 11-15 सेंमी होतो आणि थव्याने पळतो, 4 फुटांखालच्या टँकमध्ये त्याचा जीव कोंडतो. तो आणि बोटिया स्ट्रायाटा दोन्ही आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ‘धोक्यात’ आहेत, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत मासेही येतात, म्हणून घेण्याआधी यादी बघावी, नदीतून धरून तर आणूच नये.

झाडंही देशी मिळतात. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरायनी स्पायरॅलिस थोडा प्रवाह सोसतात, आणि ब्राह्मी, हो तीच डोक्याच्या तेलातली, पाण्याखाली छान उभी वाढते, ॲक्वेरियमवाले तिला बकोपा म्हणतात.

नवे मासे दोनेक आठवडे वेगळे ठेवून मगच टाकावेत. आधी डॅनिओ, गौरामी सगळ्यात शेवटी, कारण नर आधी आला की कोपरा बळकावून बसतो. बॅडिसचा वेगळा टँक केला तर तोही दोन-तीन महिने मुरू द्यावा, तोवर शेवाळात बारीक जीव तयार झालेले असतात आणि त्याला दिवसभर टिपायला काहीतरी मिळतं.